इंजिनाच्या ब्लॉकचे आटे गेले, तर काय करावे?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



पऱ्हाटीवरची बोंडअळी, तुरीवरचा मर, संत्र्याची फळगळ यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. तो पिकाचा नाही, लोखंडाचा आहे. पण लोखंड अडले की पीक अडते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

इंजिनाचे हेड बसवताना किंवा चेंबरचा बोल्ट आवळताना पाना एकदम हलका होतो. बोल्ट नुसता गरगर फिरतो, आवळतच नाही. बाहेर काढून पाहावे तर बोल्टाच्या आट्यांत बीडाचा बारीक चुरा किंवा तारेसारखे वेटोळे अडकलेले असते. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, आटे गेले. ब्लॉक खलास झाला." ब्लॉक बदलायचा म्हणजे जवळजवळ अर्धे इंजिन नवे घेण्याइतका खर्च येतो. शिवाय माल येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात ते निराळेच.

पण बहुतेक वेळा ब्लॉक खलास झालेला नसतो. गेलेले असते ते एक भोक, आणि भोक दुरुस्त करता येते. ते कसे करावे, कोणते घरी करावे, कोणते लेथवाल्याकडे न्यावे आणि कोणत्या भोकाला हातच लावू नये, हे आज पाहू.

हा विषय आपल्या वऱ्हाडात महत्त्वाचा का?

आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या आहेत आणि काही ठिकाणी सौर पंपही आले आहेत. तरी शेततळ्यावर, नाल्यावर आणि वीज नसेल तेव्हा विहिरीवरही डिझेल इंजिनच उपयोगी पडते. ट्रॅक्टर आणि फवारणी पंप आहेत, घरची जीपगाडी किंवा मालवाहू गाडी आहे. या सर्वांचे इंजिन आट्यांवरच बांधलेले असते.

आणि हे इंजिन नेमके केव्हा बिघडते? ज्या दिवशी गरज असते त्याच दिवशी. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूरबाजार भागात आंबिया बहराचा ताण तोडायचा असतो, तेव्हा आठ दिवस पाणी चुकले तर बहर पुढे-मागे होतो. अकोट, मूर्तिजापूरकडे हरभरा घाट्यावर आला असता एकच पाणी द्यायचे असते आणि तेच चुकते. मृग लागल्यावर ट्रॅक्टर उभा राहिला तर पेरणी मागे पडते. म्हणून एका बोल्टाच्या भोकाला कमी लेखू नये.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूला जमिनीतले पाणी खारे आहे. पंपाच्या इंजिनाला थंड करायला आपण बऱ्याच वेळा विहिरीचेच पाणी फिरवतो. ते खारे पाणी ब्लॉकच्या पोकळीत क्षार धरते, लोखंड खाते आणि बोल्ट गंजून भोकात पक्का बसतो. मग तो जोराने काढताना आटे सोबत घेऊनच बाहेर येतो. ज्यांचे पाणी खारे आहे त्यांनी इंजिनासाठी पावसाचे साठवलेले किंवा गोडे पाणी वापरावे. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये तर कंपनीने सांगितलेले कूलंटच घालावे.

आटे ब्लॉकचेच का जातात?

बोल्ट पोलादाचा असतो आणि ब्लॉक बहुधा बीडाचा. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ असा आकडा असेल, तर तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोचा ताण घेतो. साधे बीड त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच ताण घेते. म्हणजे दोघांची झटापट झाली की बीड हरते. फवारणी पंप, लहान पेट्रोल इंजिन आणि अलीकडच्या पुष्कळ मोटारगाड्या यांत ब्लॉक किंवा हेड ॲल्युमिनियमचे असते. ते आणखी मऊ असते.

दुसरी गोष्ट, बोल्टाचा भार सगळ्या आट्यांवर सारखा पडत नाही. तोंडाजवळचा पहिला आटा एकटाच साधारण एक तृतीयांश भार उचलतो. तो गेला की भार दुसऱ्यावर येतो, मग तोही जातो. बैलगाडीच्या उतरंडीवर पुढचा बैल बसला की मागचाही ओढला जातो, तसेच हे होते.

आटे जाण्याची नेहमीची कारणे अशी :

१. पान्याला पाइप लावून आवळणे. हिशेब करून पाहा. एक फुटाच्या, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पान्यावर १५ किलोचा जोर लावला तर बोल्टाला साडेचार किलो-मीटर पिळा बसतो. १० मिलिमीटरच्या चांगल्या बोल्टाला सर्वसाधारणपणे तेवढाच पुरतो. त्याच पान्याला पाइप लावून लांबी ९० सेंटिमीटर केली आणि जोर तेवढाच ठेवला, तर पिळा साडेतेरा किलो-मीटर होतो. हाताला काहीच जाणवत नाही, पण बोल्टावर तिप्पट भार जातो.

२. आखूड बोल्ट. मूळ बोल्ट हरवला म्हणून डब्यातला दुसरा लावला. तो चार-पाच आट्यांतच धरतो आणि ते आटे उखडतात.

३. भोकात माती, गंज किंवा जुनी पॅकिंग. बोल्ट अडतो, आपल्याला वाटते आवळला, आणि आणखी जोर लावतो.

४. बोल्ट वाकडा धरून सुरू करणे. पहिले तीन-चार फेर हातानेच गेले पाहिजेत. हाताने जात नसेल तर पान्याने जाणार नाही, तो आटे कापत जाईल.

५. इंची आणि मेट्रिक बोल्टांची अदलाबदल. हे कारण सर्वांत फसवे आहे, म्हणून ते वेगळे सांगतो.

इंची की मेट्रिक, हे कसे ओळखावे?

इंग्रज कारागीर व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे एक ठराविक माप सुचवले, ते इंचाचे होते. आपल्या देशात मेट्रिक वजनमापे १ ऑक्टोबर १९५८ पासून सुरू झाली. पण यंत्रे काही त्या दिवशी बदलली नाहीत. त्यामुळे जुन्या विलायती घाटाच्या इंजिनांत आणि ट्रॅक्टरांत अजून इंची आटे सापडतात, नव्यांत मेट्रिक असतात, आणि आपल्या घरच्या डब्यात दोन्ही एकत्र नांदतात.

३/८ इंची बोल्ट साडेनऊ मिलिमीटर जाडीचा असतो. तो १० मिलिमीटरच्या भोकात शिरतो, दोन-तीन फेर जातो आणि मग आटे खातो. नुसते डोळ्यांनी पाहून ओळखू येत नाही. त्याला सोपा उपाय आहे. बोल्टावर साधी पट्टी ठेवा आणि एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या दहाव्या आट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजा :

८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट : साडेबारा मिलिमीटर.
५/१६ इंची जाड आट्यांचा : सुमारे १४ मिलिमीटर.
१० मिलिमीटरचा मेट्रिक : १५ मिलिमीटर.
३/८ इंची जाड आट्यांचा : जवळजवळ १६ मिलिमीटर.
१२ मिलिमीटरचा मेट्रिक : साडेसतरा मिलिमीटर.
१/२ इंची व्हिटवर्थ : सुमारे २१ मिलिमीटर.

मेट्रिकमध्येही बारीक आट्यांचे बोल्ट असतात. म्हणून मोजल्याशिवाय बोल्ट लावू नये, आणि दुकानात जाताना जुना बोल्ट सोबत न्यावा.

आधी रोग ओळखा

आटे गेले असे वाटले की प्रथम बोल्ट बाहेर काढून स्वच्छ करा. मध्येच तो बारीक झाला असेल, कमरेत ओढल्यासारखा दिसत असेल, तर बोल्टच ताणला गेला आहे. तो फेकून द्या. त्याच मापाचा नवा बोल्ट हाताने भोकात फिरवून पाहा. चांगला धरत असेल तर ब्लॉकला काही झालेले नाही.

नवा बोल्टही सैल लागला तर भोकात बॅटरीचा उजेड टाकून पाहा. तोंडाचेच आटे गेले की खालपर्यंत सगळे गेले? मग पातळ तार घालून भोकाची खोली मोजा. या दोन गोष्टी कळल्या की उपाय ठरवता येतो.

उपाय पहिला : आटे साफ करणे

आटे गेलेले नसून नुसते दबले किंवा गंजले असतील, तर त्याच मापाचा टॅप हाताने हळू फिरवावा. टॅप नसेल तर त्याच मापाचा जुना चांगला बोल्ट घ्या. हॅक-सॉने त्याच्या आट्यांवर लांबीच्या दिशेने तीन-चार खाचा पाडा आणि कडा कानशीने साफ करा. थोडे तेल लावून हा बोल्ट आत-बाहेर फिरवला की खाचांत घाण गोळा होऊन बाहेर येते. निम्मी प्रकरणे घाबरून मोठी केलेली असतात, ती एवढ्यावरच मिटू शकतात.

उपाय दुसरा : लांब बोल्ट

वरचे आटे गेले पण खालचे शाबूत आहेत आणि भोक खोल आहे, असे असेल तर थोडा लांब बोल्ट किंवा स्टड चालतो. नियम असा की बीडात बोल्टाच्या जाडीच्या दीडपट लांबी तरी चांगल्या आट्यांत गेली पाहिजे. १० मिलिमीटरच्या बोल्टाला १५ मिलिमीटर. ॲल्युमिनियममध्ये दुप्पट, म्हणजे २० मिलिमीटर. बोल्टाचे टोक भोकाच्या तळाला टेकता कामा नये, खाली तीनेक मिलिमीटर जागा राहू द्यावी. टोक टेकले तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, पण वरचा भाग सैलच राहतो.

उपाय तिसरा : मोठे आटे पाडणे

आपल्याकडचे बहुतेक मिस्त्री हाच उपाय करतात. १० मिलिमीटरचे भोक १०.२ मिलिमीटरच्या ड्रिलने साफ करून त्यात १२ मिलिमीटरचे आटे पाडतात आणि १२ चा बोल्ट लावतात. ब्लॉकला तिथे भरपूर जाडी असेल तर हा उपाय वाईट नाही. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे वरच्या भागाचे भोकही मोठे करावे लागते. त्यापेक्षा लेथवर खाली १२ चा आणि वर १० चा असा पायरीचा स्टड करून घ्यावा, म्हणजे वरच्या भागाला हात लावायला नको. दुसरी अडचण अशी की भोकाभोवतीची भिंत पातळ असेल तर ती तडकते. आणि पुन्हा आटे गेले तर पुढे मोठे करायला जागा उरत नाही.

उपाय चौथा : तारेचे आटे बसवणे

हा उपाय सर्वांत चांगला, पण आपल्या गावांत कमी माहीत असलेला. स्टेनलेस पोलादाच्या चौकोनी काटछेदाच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी मिळते. बाजारात तिला 'हेलिकॉइल' किंवा 'थ्रेड इन्सर्ट' म्हणतात. ब्लॉकमध्ये थोडे मोठे आटे पाडून ही गुंडाळी आत फिरवायची, की तिच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे नवे आटे तयार होतात. जुनाच बोल्ट त्यात बसतो. ही युक्ती विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांत दुसऱ्या महायुद्धापासून वापरात आहे. पोलादी आटे मऊ धातूत भार पसरवून देतात, म्हणून दुरुस्त केलेले भोक पुष्कळदा मूळ भोकापेक्षा मजबूत ठरते.

आता कृती नीट ऐका :

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सिलिंडरचे तोंड, तेलाची आणि पाण्याची भोके स्वच्छ चिंध्यांनी बंद करा. लोखंडाचा चुरा सिलिंडरमध्ये गेला तर दुरुस्ती एका बोल्टाची आणि नुकसान पिस्टनचे, असे होईल.

२. गुंडाळीच्या पेटीवर ड्रिलचे माप लिहिलेले असते, तेच वापरा. साधारणपणे ८ मिलिमीटरच्या बोल्टाला ८.३ ते ८.४, १० च्या बोल्टाला १०.४ ते १०.५ आणि १२ च्या बोल्टाला १२.४ ते १२.५ मिलिमीटरचे ड्रिल लागते.

३. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. त्यापलीकडे जाऊ नका, पलीकडे पाण्याची पोकळी असू शकते.

४. ड्रिल सरळ जाते की नाही हे गुण्या लावून दोन बाजूंनी पाहा. एकाने ड्रिल धरावे, दुसऱ्याने गुण्या पाहावा. वेग कमी ठेवा. डोळ्यांना चष्मा लावा.

५. त्या गुंडाळीसाठीचा खास टॅप येतो, साधा १० चा टॅप इथे चालत नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे चुरा ग्रीसमध्ये अडकतो. अर्धा फेर पुढे, पाव फेर मागे, असे जा. बीड कोरडेही कापले जाते, ॲल्युमिनियमला मात्र थोडे रॉकेल किंवा डिझेल लावा. टॅप अडला तर जोर करू नका, मागे घेऊन साफ करा. टॅप काचेसारखा कडक असतो. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही आणि लहान काम मोठे होते.

६. भोक ब्रशने आणि हवेने स्वच्छ करा. तोंडाजवळची उचललेली कड कापून घ्या.

७. गुंडाळी तिच्या दांड्यावर चढवून भोकात फिरवा. ती ब्लॉकच्या पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेर खाली गेली पाहिजे. वर राहिली तर पॅकिंग नीट बसणार नाही.

८. गुंडाळीच्या तळाला आडवी शेपटी असते. ती पंच लावून एका टोल्यात तोडायची आणि तुकडा बाहेर काढायचा. स्टेनलेस पोलाद लोहचुंबकाला सहसा चिकटत नाही, म्हणून तारेच्या टोकाला ग्रीस लावून तुकडा उचला. तो सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उपाय पाचवा : पोलादी बुश

हेडच्या स्टडचे भोक असेल आणि भार मोठा असेल, तर लेथवर आत-बाहेर आटे असलेला पोलादी बुश करून घेतात. १० च्या बोल्टासाठी बाहेरून १४ किंवा १६ मिलिमीटरचे आटे. तो आटे पक्के करणारा द्राव लावून ब्लॉकमध्ये घट्ट बसवतात. हे काम चांगल्या लेथवाल्याचे आहे, हातड्रिलचे नाही.

हे करू नका

भोकात तांब्याची तार, पत्र्याची पट्टी, सुतळी किंवा ब्लेडचा तुकडा घालून बोल्ट आवळण्याची पद्धत आहे. इंजिन सुरू होते, पाणीही येते. पण गरम-थंड झाल्यावर ती पट्टी ढिली पडते, पॅकिंग फुटते आणि पाणी तेलात जाते. मग बेअरिंग जाते. पाना अडकवून वाचवलेले शंभर रुपये हजारांनी परत द्यावे लागतात. दोन रंगांची पुटी कालवून भोक भरणे हाही भार घेणाऱ्या बोल्टावर उपाय नाही.

बीडाला साधे वेल्डिंग करणेही टाळा. बीड एका जागी एकदम तापले आणि एकदम थंड झाले की शेजारी तडकते. संपूर्ण ब्लॉक हळूहळू तापवून, हळूहळू थंड करण्याची सोय असेल तरच ते काम होते.

कनेक्टिंग रॉड, मुख्य बेअरिंगची टोपी आणि फ्लायव्हील यांच्या आट्यांना घरी हात लावू नका. तिथला बोल्ट चालू इंजिनात सुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेतते. आणि इंजिन हमीच्या मुदतीत असेल, तर आधी विक्रेत्याकडे जा. आपण ड्रिल लावले की हमी संपण्याचा संभव असतो.

बोल्ट परत बसवताना

भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी राहू देऊ नका. हे फार जण विसरतात. बंद भोकात तेल असले आणि वरून बोल्ट आला की तेल दबत नाही, त्याला जायला जागा नसते. बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखे काम करतो आणि तेल ब्लॉकला तडा पाडते.

भोक पाण्याच्या पोकळीत उघडत असेल तर बोल्टाच्या आट्यांना सीलंट लावा. तारेची गुंडाळी भार धरते, पाणी अडवत नाही.

हेड बसवण्याआधी ब्लॉकच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून पाहा. आटे उखडताना भोकाच्या कडेचे लोखंड वर उचलले जाते. तो उंचवटा काढला नाही तर नवी पॅकिंगही टिकत नाही.

हेडचे बोल्ट मधून सुरू करून समोरासमोर, बाहेरच्या बाजूला जात, तीन टप्प्यांत आवळा. किती आवळायचे ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका कंपनीच्या विक्रेत्याकडे मिळते. टॉर्क पाना प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही. गावातल्या गटाने किंवा अवजारे बँकेने एक घेतला तर सगळ्या गावाचे काम भागते.

गंजलेला बोल्ट काढताना

आटे वाचवायचे असतील तर काढतानाच धीर धरा. आदल्या रात्री बोल्टाच्या कडेने पातळ तेल सोडा. सकाळी माथ्यावर हातोडीचे दोन-चार हलके टोले द्या, म्हणजे गंज मोकळा होतो. मग पाव फेर सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेर. एका दमात काढायला गेलात तर बोल्ट तुटेल किंवा आटे सोबत येतील. ॲल्युमिनियममधला बोल्ट इंजिन गरम असताना काढू नका. तेव्हा धातू जास्त मऊ असतो.

मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा

आपल्याकडचा मिस्त्री कामाला पक्का असतो, पण घाई आपणच करतो. "सायंकाळपर्यंत इंजिन पाहिजे" म्हटले की तो तार घालून देतो. म्हणून काम देताना शांतपणे तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, कोणता उपाय करणार : मोठे आटे, तारेचे आटे की बुश? दुसरी, भोक सरळ राहावे म्हणून काय करणार? तिसरी, चुरा आत जाऊ नये म्हणून काय करणार? या तिन्हींची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याच्याकडे काम द्या आणि त्याला एक दिवस जास्त द्या. ब्लॉक बदलायला सांगितले तरी आधी एका लेथवाल्याला दाखवा. तडा गेला नसेल तर बहुतेक वेळा मार्ग निघतो.

श्रोत्यांकडून नेहमी येणारे दोन प्रश्न

"साहेब, एकाच हेडचे एक भोक दुरुस्त केले, बाकीच्यांचे काय?" उत्तर : बाकीचे बोल्ट काढून एकेक तपासा. एका भोकावर जो अतिरेक झाला तो बहुधा सगळ्यांवर झालेला असतो. ज्यांचे आटे अर्धे झिजले आहेत ते याच वेळी दुरुस्त करून घ्या. हेड पुन्हा पुन्हा उघडण्यात पॅकिंगचा खर्च आहे.

"चेंबरचा तेल सोडायचा बोल्ट नेहमी गळतो, आटे गेले आहेत. काय करू?" उत्तर : आधी नवा तांब्याचा वायसर लावून पाहा, गळती बऱ्याच वेळा तेवढ्यानेच थांबते. आटेच गेले असतील तर चेंबर खाली उतरवूनच आटे पाडा. लटकत्या चेंबरला ड्रिल लावले तर चुरा तेलात राहतो आणि तेलपंप तो ओढून घेतो.

शेवटी थोडक्यात

बोल्ट हाताने सुरू करा. पान्याला पाइप लावू नका. दहा आटे मोजून इंची-मेट्रिक ओळखा. भोक साफ आणि कोरडे ठेवा. खारे पाणी इंजिनात घालू नका. आणि इंजिन उघडायचे काम मृग लागल्यावर नाही, उन्हाळ्यात पेरणीच्या आधी करा. रब्बीच्या पाण्याच्या आधी दिवाळीच्या सुमारास एकदा सगळे बोल्ट पाहून घ्या.

गावातल्या तरुण मुलांना एक सांगणे आहे. हे काम शिकण्यासारखे आहे. अमरावती आणि अकोल्यात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रांचे प्रशिक्षण देणारी संस्था १९५५ पासून आहे. एका गावात एक मुलगा टॅप आणि ड्रिल नीट धरायला शिकला, तर दर हंगामात गावातली कितीतरी इंजिने तालुक्याला न जाता गावातच दुरुस्त होतील.

तुमचे इंजिन, तुमचे वावर आणि तुमचे हातपाय, सगळे सांभाळा. काही शंका असेल तर आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला भेटा किंवा कार्यक्रमाला पत्र टाका. पत्रात इंजिनाची बनावट, बोल्टाचे माप आणि भोक कोणत्या जागचे आहे एवढे जरूर लिहा, म्हणजे नेमके उत्तर देता येईल.